टिटवीने अंडी कुठे घातली

१६ मे १९३४, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया). लोणखेडा.

ही वही मी हौसेसाठी लिहीत नाही, पुराव्यासाठी लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी मी पारावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की पाऊस मृगातच पडेल. तो आर्द्रा सरता सरता पडला. लोक अजून हसतात आणि त्यांत छगन सगळ्यात मोठ्याने हसतो. त्या वर्षी माझ्या खुणांत कोणीतरी हात घातला होता असा माझा पक्का संशय आहे. पण तेव्हा माझ्याजवळ लिहिलेलं काही नव्हतं, आणि तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला न लिहिता बोललेलं शोभत नाही.

माझी खूण टिटवीची. टिटवीने नदीच्या काठावर उंच जागी अंडी घातली तर पाऊस लवकर आणि जोराचा. खाली पाण्यालगत घातली तर उशिरा. छगन कावळ्याच्या घरट्यावरून पाऊस सांगतो. कावळा उष्टं खातो, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा.

यंदा अधिक महिना आल्यामुळे आखाजी लांबली, म्हणून आमची पोर तुळशीही उशिरा, परवा सोमवारी माहेरी आली. लग्नानंतरची तिची ही दुसरी आखाजी. सासर तापीपलीकडे, नंदुरबारच्या वाटेला. उन्हाळ्यात प्रकाशा गावाजवळ पात्रातून गाडी उतरते. पूर आला की बंद. होडी असते, पण होडी उलटलेली आमच्या आईने डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून आमच्या घरातलं बाईमाणूस पावसाळ्यात तापी ओलांडत नाही, हे दोन्ही घरांना माहीत आहे. म्हणजे तुळशी पावसाआधी गेली तर गेली, नाहीतर दसऱ्यापर्यंत इथेच. जावई बन्सीलाल याला मी कळवलं आहे की खुणा पाहून निरोप देईन, तेव्हा गाडी घेऊन यावं.

आज घागर पुजली. आंब्याचा रस, सांजोऱ्या झाल्या. गल्लीतल्या सगळ्या पोरी लिंबाच्या झोक्यावर गेल्या. तुळशी गेली नाही. हात दुखतो म्हणाली. गाडीच्या धक्क्यांनी दुखत असणार. आमचा रस्ता तसाच आहे.

१८ मे, शुक्रवार.

सकाळी गोमाई नदीवर गेलो. पाणी बारीक झालं आहे, जेमतेम घोटाभर. बहावा पुरता फुलला. त्याच्या खाली उभं राहिलं की धोतरावरसुद्धा पिवळा उजेड पडतो. टिटवी वरच्या अंगाला, काळ्या खडकाजवळ ओरडत होती. अंडी वरच असणार. तसं असेल तर पाऊस लवकर, आणि तुळशीला आठ दिवसांत धाडायला हवं.

जवळ जाऊन पाहणार तोच बाभळीचा काटा टाचेत आरपार गेला. हा काटा वाटेवर कसा आला, हा प्रश्नच आहे. कालपर्यंत तिथे नव्हता.

१९ मे, शनिवार.

टाच सुजली. बायकोने, कौसाने, बिब्बा घालून बांधली आहे आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही अशी ताकीद दिली आहे. कौसा कमी बोलते, पण बोलली की ते सरकारी हुकमासारखं असतं.

मग तुळशीला पाठवलं. लहानपणी माझ्याबरोबर नदीवर हिंडलेली पोर, तिला काय पाहायचं ते सांगावं लागत नाही. तासाभराने आली.

"आप्पा, अंडा वर नही शेतस. पार खाले वाळूमा शेतस. पानीपाईन दोन हात."

"कितला?"

"चार. चारीस्ना टोकं मझार."

मला नवल वाटलं नाही. टिटवी मोठी लबाड. अंडी एकीकडे आणि ओरड दुसरीकडे, हा तिचा धंदाच आहे. काल तिने मला फसवलं होतं. तर पाऊस उशिरा आहे. तुळशीला धाडायची घाई नाही.

आज तुळशीने दोन भाकरी खाल्ल्या. इतके दिवस एकीवर उठत होती.

२२ मे, मंगळवार.

पाय ओढत पारापर्यंत गेलो आणि सांगून टाकलं की यंदा पाऊस मृगात नाही, धूळपेरणी कोणी करू नये. छगन पारावर होताच. तो मुद्दाम माझ्या वेळेला येतो.

"मास्तर, कावळानं घरटं यंदा झाडना पोटमा शे, पार खालनी फांदीले," तो म्हणाला. "पानी मिरगना पहिले ईसनी उभं ऱ्हाई. तुन्ही टिटवी झोपेल व्हती का?"

लोक हसले. मी म्हणालो, टिटवी माझ्या घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिली आहे. त्यावर छगनने "बरं" म्हटलं आणि दाढी खाजवली. त्या "बरं"मध्ये काहीतरी होतं.

बन्सीलालला निरोप धाडला: ज्येष्ठ अर्धा झाल्यावर यावं.

तुळशी हल्ली मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालते. एवढ्या उकाड्यात. तापीपलीकडे नवीन चाल निघालेली दिसते. मी काही बोललो नाही. बायकांच्या कपड्यांवर बोलून कोणाचं भलं झालं आहे.

२५ मे, शुक्रवार. रोहिणी लागलं.

संशय खरा ठरतो आहे. नदीच्या वाळूत डांगराची वाडी करणारा भिला दोन डांगरं घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "मास्तर, रोज सकायले कोनीतरी टिटवीजोडे बसेल ऱ्हास. टिटवी लई वरडस."

"मानूस का बाई?"

"दूरथीन दिसनं नही. डोकावर फडकं व्हतं."

डोक्यावर फडकं. छगन डोक्यावर फडकं बांधल्याशिवाय परसातही जात नाही. तो अंडी हलवतो आहे, किंवा हलवायला माणूस ठेवला आहे. दोन वर्षांपूर्वीही हेच झालं असणार.

तुळशीला जवळ बसवून सगळं समजावलं आणि नदीवर पहारा ठेवायचं काम तिच्यावर सोपवलं. ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "मी रोज जासू, आप्पा. अंधारामाच जासू." एवढं मन लावून काम करणारं माणूस या घरात दुसरं नाही.

२८ मे, सोमवार.

आज एक सुंदर गोष्ट घडते आणि गावात ती फक्त मला माहीत असते. दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात काठी सरळ उभी धरली तर तिची सावली पडत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उद्यापासून तो थोडा उत्तरेला सरकेल आणि सावली उलटी, दक्षिणेला पडू लागेल. शाळेत असताना मी दरवर्षी मुलांना दाखवत असे. मुलांना त्यापेक्षा सुट्टी आवडायची.

तुळशीला बोलावलं. लहान असताना ती काठीभोवती फिरून सावली शोधायची. आजही वाकून पाहिलं, हसली. रोवलेली काठी जरा तिरकी होती म्हणून मी ती उपसून वर उचलली, तशी ती एकदम दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली. ऊन लागलं असणार. कांद्याचा रस द्यायला लावला. कौसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू उन्हाची व्यवस्था मीच करतो.

१ जून, शुक्रवार.

टाचेची सूज उतरली. विहिरीपर्यंत जाऊन आलो. निंबोळ्या पिकून पडू लागल्या, पायाखाली चिकचिक होते. पावशा रामप्रहरी ओरडतो. टिटवी म्हणे ऊन वाढलं की पाण्यात बसून पोट भिजवते आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसते. तुळशीने सांगितलं. मी एवढी वर्षं पाहतो आहे, पण हे कधी नीट पाहिलं नव्हतं. तिचं निरीक्षण माझ्याहून बारीक आहे.

सोमवारी मी स्वतः नदीवर जाणार म्हणून सांगितलं. तुळशी म्हणाली, "आखो आठ दिन थांबा ना, आप्पा. पाय चिघळी जाई." कौसा म्हणाली, "थांबा." दोघी एकदम. इतकी काळजी बरी नव्हे. मला यात कसला तरी वास येतो आहे, कसला ते सांगता येत नाही.

४ जून, सोमवार.

थांबायचं कबूल केलं होतं, तरी कोणाला न सांगता पहाटे निघालो. तुळशी माझ्याआधी गेलेली होती. मी झाऊच्या झुडपाआड बसलो. उजाडत होतं. वाळूवर आता वाऱ्याची दिशा फिरलेली दिसते, नक्षी पश्चिमेकडून उठते आहे.

टिटवी ओरडत होती. तिच्या खाली, उतारावर, एक बाई उकिडवी बसली होती. डोक्यावर पदर. तिने हाताने वाळूत लहानसा खळगा केला, कडेने चार खडे मांडले, आणि वरच्या खळग्यातली अंडी एकेक करून उचलून खालच्या खळग्यात ठेवली. टोकं आत. फार तर दीड हात अंतर. मग ती मागे सरकून बसली. टिटवी आली, जुन्या जागी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि चार पावलं टाकून नव्या जागी बसली.

"घाबरू नको माय," ती बाई म्हणाली. "आजना दिन इतलंच."

आवाज तुळशीचा होता.

ती गेल्यावर मी पावलांनी मोजलं. अंडी अजून पाण्यापासून दहा हात वर आहेत. म्हणजे पहिल्या दिवशी ती खडकाजवळच होती, जिथे मी म्हणालो होतो तिथेच. पहिल्या दिवसापासून खोटं सांगून, मी पाहायला येण्याआधी खोट्याचं खरं करायला ती रोज दीड हात खाली आणते आहे.

छगनने माझी पोर फोडली. पैशाला ती बधणार नाही. काहीतरी भूल दिली असेल. गावासमोर मला पुन्हा खोटं पाडायचं, एवढ्यासाठी माणूस एवढ्या थराला जाईल असं मला वाटलं नव्हतं. दिवसभर जेवलो नाही.

५ जून, मंगळवार.

कौसा चुलीपुढे होती. तुळशी विहिरीवर. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, आता छगनच्या दारात जाऊन जाब विचारतो.

"छगन?" कौसा म्हणाली. "छगनना काय संबंध?"

"मंग कोनी सांगं तिले हाई कराले?"

तिने तव्यावरची भाकरी काढली, जाळ ओढून घेतला आणि माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती.

"कोनी नही सांगं. पानी येवालोंग तिले आठेच, आपला घर ऱ्हावानं शे. तुम्ही म्हनशात पानी दूर शे, तेव्हढा दिन गाडी येवाव नही. अन् पूर ऊना का मंग दसरालोंग कोनी लई जावाव नही. तुम्हले टिटवीनं पोट ओलं का कोरडं ते दिसस. पोरना हात दिसना नही?"

मी म्हणालो, हाताला काय झालं आहे.

"चटका शेतस. चिमटाना. दंडवर सात. सासूनं काम, रेवाबाईनं. माहेरले ऊनी त्या दिनले न्हाताना मी दखात."

 मी विचारलं, तीन आठवडे मला का नाही सांगितलं.

"सांगतू, ते तुम्ही पुरावा मांगतात," कौसा म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

म्हणजे या घरात कट होता, आणि माझ्याविरुद्धच होता. तो माझा संशय खरा निघाला. बाकी सगळे खोटे.

मी चटके पाहायला मागितले नाहीत. मागायला तोंड नव्हतं. तुळशी घागर घेऊन आली, मी तिच्या हातातून घेतली आणि पाणी स्वतः ओतलं. तिला कळलं. माझ्याकडे न बघता ती आत गेली.

हे सगळं मी लिहितो आहे, पण मला याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. पोर घरी ठेवायची तर जातीत बोलतील. धाकट्या पुतणीचं लग्न जमायचं आहे, भाऊ विचारेल. आणि धाडायची तर गाडीत मीच बसवायची.

९ जून, शनिवार. मृग लागून दोन दिवस झाले.

ज्येष्ठ लागायच्या आधीच बन्सीलाल गाडी घेऊन आला. आकाश कोरं, वारा भरभरून वाहतो आहे. पारावरून गाडी आत यायची, तिथेच मी त्याला गाठलं. छगन होता, आणखी सात-आठ जण होते.

"मामा, जेवन करीसन लगेच निघसू," बन्सीलाल म्हणाला. "सांजलोंग तापी उतरी जासुत."

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माझी खूण चुकली. टिटवीने अंडी वर, खडकाजवळ घातली होती. पाऊस जवळ आला आहे, डोंगरात कधीही पडेल, छगनचा कावळा बरोबर होता. अशा वेळी बाईमाणूस तापीत घालणं बरं नाही. आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे.

छगनला इतका आनंद झाला की त्याने बन्सीलालला माझ्यापेक्षा जास्त भीती घातली. लोकांनी पेरणीच्या पाभरी काढल्या. मला काही जण म्हणाले, मास्तर, पंधरा-वीस दिवस आमचे हात बांधून ठेवलेत. ऐकून घेतलं. बन्सीलाल जेवून एकटा गेला.

घरी आलो तर तुळशी दाराआड उभी होती. "आप्पा, तुम्ही छगनबाबाले खरं म्हनं?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, कावळ्याचं घरटं खरंच खाली आहे.

१३ जून, बुधवार.

मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या. सुगरणींनी विहिरीवरच्या बाभळीला पहिले गवताचे धागे बांधले. सगळ्या खुणा पावसाच्या. पाऊस नाही.

आयुष्यात कधी मी पावसाची अशी वाट पाहिली नव्हती. पूर्वी फक्त मी खरा ठरावा म्हणून पाहायचो.

१६ जून, शनिवार.

आज दुपारी सातपुड्यावर ढग जमले, काठी गावाच्या बाजूला. तासभर बघत उभा राहिलो. मग वारा आला आणि सगळे पूर्वेला घेऊन गेला. मला आता आभाळाचाही संशय येऊ लागला आहे. धूळपेरणी केलेल्यांचं बी वाळतं आहे, आणि छगन पारावर येत नाही. परवा त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. दोघेही कावळ्यावर आणि टिटवीवर काही बोललो नाही.

टिटवीची पिल्लं बाहेर पडली. तुळशीने दाखवली. खड्यांसारखी दिसतात; पळाली की कळतं. तुळशीने अंडी हलवणं कधीच थांबवलं होतं.

प्रकाशाकडून आलेल्या माणसाला विचारलं. तापीत पाणी गुडघ्याखाली आहे म्हणाला.

२० जून, बुधवार.

सकाळी दहाच्या सुमाराला गाडी वाजली. बन्सीलाल. या वेळी पारावर न थांबता थेट अंगणात आला.

"मामा, पानी कोठे शे? तापी ढोपरभर शे. मायनं सांगं, आज लईसनीच ये. लोके हसतस म्हने."

मी ओसरीवर होतो. कौसा आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. गल्लीतले चार जण गाडी पाहून आले होते, छगनही. वर आभाळ स्वच्छ होतं. सांगायला एकही खूण उरली नव्हती, आणि मला एकदम बरं वाटलं.

"ती येवाव नही," मी म्हणालो.

"काब्र? काय कारण?"

"तिना दंडवर सात चटका शेतस. तुन्हा घरना चिमटाना."

जावयाला मी आजपर्यंत कधी अरेतुरे केलं नव्हतं. माणसं ऐकत होती, हे मला माहीत होतं. बन्सीलालने जोत्याला हात टेकला. माणूस वाईट नाही. चेहरा पडला त्याचा.

"मायना सभाव तापट शे, मामा. वय व्हई गयं तिनं. तिले मी काय सांगू?"

"सात येळा तू कोठे व्हता?"

त्याने बैलांकडे पाहिलं. बैल शिंगं हलवत होते. मग हळूच म्हणाला, "घरमाच व्हतू."

मी म्हणालो, मग परत जा. लोकांनी विचारलं तर सांग, सासऱ्याने पाठवली नाही. कारण विचारलं तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी सांगेन. पंच बसले तरी हेच सांगेन, आणि तुझी आई बसली असेल तर तिच्या तोंडावर सांगेन.

त्याने आत तुळशीकडे एकदा पाहायचा प्रयत्न केला. कौसा दारातून हलली नाही. छगनने बैलांना पाणी दाखवलं, आणि गाडी आली तशी गेली. गल्लीतले लोकही पांगले. भाऊ संध्याकाळी बोलायला येईल, जातीतले आठवड्याभरात येतील. सगळं कठीण आहे. आज त्याचा विचार केला नाही.

तुळशी मधल्या खोलीत जमिनीवरच आडवी झाली ती झोपली. पोलक्याच्या बाह्या वर सरकल्या होत्या. तेव्हा मी पाहिले. कौसा म्हणते सात. मी मोजले नाहीत. दुपारी शेजारीण ताक मागायला आली, तिला मी हातानेच खुणावलं की हळू बोल. उन्हं कलली, गुरं घरी आली, भिंतीपलीकडून कोणीतरी हाक मारली. पोर एका कुशीवर झोपलेलीच. दिवेलागण झाली तेव्हा कौसा म्हणाली, उठवते, तिन्हीसांजेचं निजू नये. मी म्हणालो, राहू दे.